गोफणीतला दगड कोणत्या दिशेने जातो

दोन वर्षांपूर्वी पौषातल्या एका शनिवारी, दुपारी चारच्या सुमारास, नांदूरघाटच्या शिवारात आमच्या ज्वारीला लागून चरत असलेल्या कळपातल्या मेंढ्याच्या डाव्या डोळ्यावर दगड बसला. डोळा गेला. त्या वेळी आसपासच्या रानात गोफण एकच फिरत होती आणि ती माझ्या वडिलांच्या हातात होती. त्याआधी गुरुवारी सकाळी याच कळपातली काही मेंढरं आमच्या ज्वारीत शिरली होती. तेव्हा वडिलांनी बांधावर उभं राहून कळपाच्या मालकाला सांगितलं होतं, "परत ज्वारीत दिसली तर एकेकाचा डोळा फोडीन." हे वाक्य ऐकणारे बरेच जण होते. वडिलांनीही ते कधी नाकारलं नाही.

मी बीडला एका वर्तमानपत्रात काम करतो. त्या शनिवारी सुट्टी घेऊन गावी आलो होतो. दगड सुटला तेव्हा मी विहिरीवर, मोटारीच्या स्टार्टरपाशी होतो आणि माझी पाठ शेताकडे होती. म्हणजे तो क्षण मी पाहिलेला नाही. तो पाहणारी माणसं तीन: वडील, कळपाचा मालक आणि त्याची बायको.

जागा सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ज्वारीच्या मधोमध लाकडी मचाण आहे. त्यावर पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की समोर बांधावरची जुनी बाभळ येते. पाखरं आधी तिच्यावर बसतात आणि तिथून कणसांवर उतरतात. डाव्या हाताला, उत्तरेकडे, आमचंच तुरीचं रान. तूर नुकतीच निघाली होती आणि रान मोकळं होतं. कळप तिथं होता. पाठीमागे पश्चिमेला विहीर.

कळप तिथं आगंतुक म्हणून आलेला नव्हता. आमच्याकडे रान मोकळं झालं की मेंढपाळाला सांगावा जातो. तो कळप घेऊन येतो, काही रात्री मेंढरं त्या रानात बसतात, लेंडीखत जमिनीला मिळतं, आणि मेंढपाळाला धान्य. हे कुटुंब शिरूर कासारच्या बाजूचं. मालक माझ्याच वयाचा आहे. त्याच्या वडिलांची मेंढरं माझ्या आजोबांच्या रानात बसत. त्या वर्षी सोमवारपासून तुरीच्या रानात बसायचं ठरलं होतं.

शनिवारी दिवस मावळायच्या आत तो घरी आला. अंगणात उभा राहिला, खिशातून एक गुळगुळीत गोटा काढला आणि वडिलांसमोर धरला.

"आबा, हा वळखा."

"दगड हाय."

"कुणाचा?"

"दगडाला काय सातबारा असतो का?"

"काळ्या रानात असला गोटा पैदा होतो व्हय? नदीतला हाय. तुमच्या मचाणावर पाटीभर ठिवलेत."

"नदीत ढीगभर हायत. काटा लागला असंल त्याला. बाभळीखाली तोंड घालतंय सारखं."

"काटा लागल्यावर जनावर असं धाडदिशी खाली बसतंय का? मी बघितलं ना. गोफणीची दोरी सरळ माझ्या अंगावर ताणलेली होती. बोललता तसं केलंत."

"मी बाभळीवर मारला. पाखरं उठवाया."

"मग बाभळ चालत आली व्हय आमच्याकडं?"

आईने पाण्याचा तांब्या बाहेर आणला. त्याने तो घेतला नाही. सोमवारी मेंढरं बसणार नाहीत, घाटनांदूर या दुसऱ्या गावच्या एका शेतकऱ्याचा निरोप आहे, तिकडं जातो, एवढं सांगून तो निघून गेला.

रात्री जेवताना वडील फक्त एकदाच बोलले. "लोक म्हणत्याल, ह्यानं सांगून-सवरून मुक्या जनावराचा डोळा फोडला." खत, रान, सोमवार यांबद्दल ते काही बोलले नाहीत. मेंढरं बसली असती किंवा नसती. त्यांना बोचत होतं ते एवढंच, की तो माणूस असं समजून गावातून निघतो आहे. आई म्हणाली, "निसतं म्हणत्याल कशाला? पाणी न पेता गेलाय तो. आता म्हणायला राहिलंय काय?"

माझ्या कामात अशी प्रकरणं रोजची असतात. दोन माणसं, एक घटना, दोन हकिकती. आम्ही दोन्ही छापतो, शेवटी 'पुढील तपास सुरू आहे' असं लिहितो आणि पान छपाईला सोडतो. घरी तसं पान सोडता येत नव्हतं. वडील खोटं बोलत नाहीत हे मला माहीत होतं. कळपाचा मालकही खोटं बोलणारा नाही, हेही माहीत होतं. त्या रात्री मी दोघांपैकी एकाची चूक शोधत होतो. दोघांनी पाहिलेलं बरोबर आणि दोघांनी काढलेला अर्थ चूक, असं असू शकतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

रविवारी सकाळी जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. त्यांनी जखम धुतली, पापण्या शिवल्या आणि डोळा वाचणार नाही असं सांगितलं. दुपारी धाकटी बहीण आली. ती केजच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. वडिलांनी तिला सगळं सांगितलं. लेक आपल्या बाजूने बोलेल असं त्यांना वाटत असावं.

तिने विचारलं, "आबा, दगड बाभळीत पडताना तुमी बघितला का?"

"पाखरं उठली की."

"पाखरं दगडानं उठली का गोफणीच्या आवाजानं?"

गोफणीतून दगड सुटला की रिकाम्या दोरीचा फटाका वाजतो. पाखरं बहुतेक वेळा त्या आवाजानेच उठतात, दगड पोचायच्या आधी. हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

"तर दगड कुठं गेला ते तुमी बघितलंच न्हाई."

"अगं, मी चाळीस वर्सं गोफण फिरवतोय. समोर सोडला की समोर जातो."

"कुठं सोडता?"

"समोर!"

"चला, दाखवा."

विहिरीवर मोटारीची खोली आहे, तिला सिमेंटचा स्लॅब आहे. बहीण आणि मी वर चढलो. वडील खाली मोकळ्या जागेत, शनिवारसारखंच पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले. दगडाऐवजी मातीची ढेकळं घ्यायची, ही बहिणीची अट. गोफणीच्या खोळीला तिने लाल चिंधी बांधली आणि मोबाइलवर चित्रण अगदी संथ दिसेल अशी सोय केली. वरून पाहताना गोफणीचं वर्तुळ पूर्ण दिसत होतं.

वडील उजव्या हाताने फिरवतात. वरून पाहिलं तर गोफण घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरते: उजवीकडून समोर, समोरून डावीकडे, तिथून पाठीमागे. त्यांनी चार-पाच फेरे घेतले आणि सोडलं. ढेकूळ सरळ पूर्वेला गेलं आणि ज्वारीत फुटलं. वडिलांनी वर पाहिलं. 'बघा, म्हटलं नव्हतं का?' असा तो चेहरा होता.

बहिणीने खाली उतरून त्यांना चित्रण दाखवलं. लाल चिंधी हळूहळू फिरत आली. ढेकूळ खोळीतून बाहेर पडलं त्या क्षणी तिने चित्र थांबवलं. दोरी समोर नव्हती. ती वडिलांच्या उजव्या बाजूला, थेट दक्षिणेकडे ताणलेली होती.

"फोनात उलटं दिसत असंल," वडील म्हणाले.

"उलटं न्हाई. तुमी उजवीकडं सोडता, म्हणून ते समोर जातं. समोर सोडलं असतं तर डावीकडं गेलं असतं."

"ते कावून?"

ती जमिनीवर बसली, काडीने वर्तुळ काढलं, मधोमध एक खडा ठेवला. खडा म्हणजे हात. मग वर्तुळावर एका ठिकाणी बोट ठेवून तिने मधल्या खड्यापर्यंत रेघ ओढली, ती दोरी. त्याच बोटापासून दोरीला काटकोनात दुसरी रेघ ओढली आणि टोकाला बाण काढला. दगड त्या क्षणी या बाणाच्या दिशेने निघालेला असतो, ती म्हणाली. पुढच्या क्षणी दोरी फिरलेली असते, म्हणून बाणही फिरलेला असतो. दगडाला प्रत्येक क्षणी सरळ जायचं असतं आणि दोरी त्याला प्रत्येक क्षणी हाताकडे ओढून वळवत असते. सुटला की ज्या क्षणी सुटला त्या क्षणीचा बाण धरून जातो. दोरी जिकडे रोखलेली असते तिकडे तो कधीच जात नाही.

पाठ्यपुस्तकात यासाठी वेगळे शब्द आहेत आणि तिने ते आम्हाला सांगितले. किती जोरात जातंय ती चाल. किती जोरात आणि कोणत्या दिशेने, दोन्ही मिळून वेग. गोफण एकाच लयीत फिरत असली तर चाल बदलत नाही, वेग मात्र सतत बदलतो, कारण दिशा बदलते. आणि वेग बदलतो म्हणजे त्वरण आहे. ते दगड जातो त्या दिशेला नसतं, हाताकडे असतं.

मी मोटारसायकलवरून बीडला जातो तेव्हा मांजरसुंब्याच्या घाटात वळणावर काटा चाळीसवर स्थिर असतो. आजवर मी समजत होतो की वेग स्थिर आहे. बातम्यांतही आम्ही वाहनाला 'भरधाव' म्हणतो आणि तेवढ्यावर थांबतो. ते कोणत्या बाजूला वळत होतं, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि वाहन पडतं ते बहुतेक वळणावरच.

वडिलांनी वर्तुळाकडे बराच वेळ पाहिलं. त्यांना ते पटलं असं म्हणता येणार नाही. चाळीस वर्षं त्यांचा हात दगड उजवीकडे सोडत होता आणि ते स्वतः समोर सोडतो असं सांगत होते. हात बरोबर होता, म्हणून सांगणं तपासायची वेळ कधी आली नव्हती.

"पुन्हा मारा," बहीण म्हणाली.

पुढची काही ढेकळं पूर्वेला गेली, थोडी इकडे, थोडी तिकडे. मग एक डावीकडे गेलं. तुरीच्या रानात, आदल्या दिवशी कळप होता त्या बाजूला, जाऊन फुटलं. कळप तेव्हा ओढ्याकडे गेलेला होता. रानात कुणी नव्हतं.

"हात घसरला," वडील म्हणाले.

बहिणीने ते चित्रण पुढे-मागे करून पाहिलं आणि मला हाक मारली. "दादा, पदर बघ."

गोफणीला दोन पदर असतात. एकाच्या टोकाला फास असतो, तो बोटात अडकवलेला. दुसरा पदर चिमटीत धरतात आणि सोडायच्या क्षणी सोडून देतात. त्याला सुटता पदर म्हणतात. चित्रणात वडिलांचा अंगठा उजवीकडेच, नेहमीच्या जागी, उघडला होता. पण पदर सुटला नव्हता. त्याच्या टोकाला गाठ होती आणि ती गाठ बोटातल्या फासात क्षणभर अडकली होती. डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळात गोफण उजवीकडून समोर आली आणि मग गाठ निसटली. दोरी समोर असताना सुटलेलं ढेकूळ काटकोनात, म्हणजे डावीकडे गेलं.

गाठीचं कारण साधं होतं. वडिलांची जुनी गोफण अंबाडीच्या वाखाची, म्हणजे सालीच्या तंतूंची होती, ती उंदरांनी कुरतडली. आता अंबाडी कुणी पेरत नाही. गावात हल्ली खताच्या गोण्यांच्या नायलॉन पट्ट्या वळून गोफणी करतात. नायलॉन थंडीत हातातून निसटतं, म्हणून बऱ्याच जणांनी सुटत्या पदराला गाठ मारून ती काडेपेटीने वितळवून पक्की केलेली असते. अंबाडीच्या गोफणीला अशी गाठ कुणी मारली नसती. तिची गरजच नव्हती, कारण वाख बोटाला धरून राहतो.

"आणखी एक," वडील म्हणाले. मग आणखी एक. बहीण आता सांगत नव्हती, ते आपणहून मारत होते. ऊन कलत होतं. बराच वेळ सगळी ढेकळं पूर्वेला गेली. मग पुन्हा एक डावीकडे, जवळजवळ त्याच जागी पडलं. वडिलांनी गोफण खाली केली आणि त्या जागेकडे पाहत उभे राहिले.

"चल," ते म्हणाले.

"कुठं?"

"मेंढराकडं."

कळप ओढ्याच्या काठी होता. निघायची तयारी दिसत होती. भांडी बांधून ठेवलेली होती, घोडं जवळ आणलेलं होतं. मेंढा एका बाजूला खुंटीला बांधलेला, डोळ्यावर पट्टी. कळपाचा तो एकच बीजाचा मेंढा होता. मालक उठला नाही. वडील त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"दगड माझा हाय."

"ते मला काल ठाव होतं."

"मला आज ठाव झालं."

बहिणीने मोबाइल पुढे केला आणि गाठ कशी अडकली ते सांगितलं. त्याने पाहिलं आणि परत दिला. "फोनात काय बी दावता येतं ताई. मागं आमच्या गावात बिबट्या फिरतोय म्हणून फोनात आलतं. आमी चार रात्री जागलो. तो बिबट्या आफ्रिकेतला निघाला."

"बिबट्या आफ्रिकेत बी असतोय," बहीण म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. बरं, ती गाठ-बिठ राहू द्या. दोरी माझ्याकडं ताणलेली होती. ही माझ्या डोळ्यानं बघितलेली गोष्ट हाय."

"खरी हाय," ती म्हणाली, आणि तिने पुन्हा काडी घेतली. वर्तुळ काढलं, उत्तरेला कळप, पूर्वेला बाभळ, पश्चिमेला विहीर दाखवली. "दोरी तुमच्याकडं होती तवा तिच्यात दगड असता, तर तो सुटून हिकडं गेला असता. विहिरीकडं. तिथं दादा उभा होता."

मालकाने माझ्याकडे पाहिलं. "त्यांच्या डोक्यात बसला असता तर पेपरात तरी आलं असतं. मेंढराचं कोण छापतंय?"

त्याची बायको हसली. मग तोही थोडा हसला. तो हसल्यावर वडिलांनी बूड टेकलं.

बहीण पुढे सांगत होती. तुम्ही पाहिली ती रिकामी दोरी. दगड त्याच्या आधीच सुटला होता, दोरी बाभळीकडे असताना. दगड गेला तरी हात थांबत नाही, दोरी फिरून तुमच्याकडे आली आणि ताणली. तेवढ्यात फटाका वाजला, म्हणून तुमचं लक्ष गेलं. मालकाने काडी तिच्या हातातून घेतली आणि स्वतः वर्तुळावर फिरवली. एकदा उजवीकडून समोर, समोरून डावीकडे. पुन्हा एकदा.

"बरं. हे धरलं. म्हंजी आबांनी बाभळीकडं दोरी असताना सोडला अन् तो आमच्याकडं आला. मग आमच्याकडंच मारायचा असता, तरी असंच सोडला असता की."

हा मुद्दा बरोबर होता आणि तो तिने त्याला सांगितलेला नव्हता. उत्तरेला दगड मारायचा असेल तर दोरी पूर्वेलाच सोडावी लागते, तोंड कुठेही असो. सुटलेल्या दगडाच्या बाणावरून तो कुठे निघाला एवढं कळतं. तो कुठे मारायचा होता, हे त्या बाणात नसतं.

तेव्हा त्याची बायको बोलली. दगड बसला तेव्हा मेंढ्याच्या सगळ्यात जवळ ती होती. "ते वरून आलं. भुंग्यावाणी आवाज झाला म्हणून मी वर बघितलं. मला वाटलं माझ्याच डोस्क्यात पडतंय."

"वरून म्हणजे किती वरून?" बहिणीने विचारलं.

"आता किती? झाडावरून पडल्यावाणी."

सुटल्यानंतरची गोष्ट बहिणीने तेव्हा सांगितली. हातात असताना दगडाला ओढणारी दोरी असते. सुटला की दोरीची ओढ त्याच क्षणी संपते, आणि मग उरते फक्त जमिनीची, सरळ खाली. आडवा जाण्याचा जोर हवेने कमी होईल तेवढाच कमी होतो. वर जाण्याचा जोर मात्र क्षणाक्षणाला घटतो, संपतो आणि दगड खाली वळतो. सपाट मारलेला दगड सपाट येतो. झाडाच्या शेंड्याला मारलेला उंच जातो आणि उतरताना वरून येतो.

मालक ऐकत होता. मेंढपाळही गोफण वापरतात, चुकार मेंढरू वळवायला त्याच्या पुढे दगड टाकतात. "जनावराला मारायचा दगड कुणी आभाळात मारत न्हाई," तो हळूच म्हणाला. हे तो आम्हाला सांगत नव्हता, बायकोला सांगत होता.

वडिलांनी विचारलं, "तुला माझं तोंड दिसलं का?"

मालकाने हातातली काडी खाली ठेवली. त्याला हवं ते सांगता आलं असतं. बायको सोडली तर दुसरा साक्षीदार नव्हता. बायकोने काही बोलायला तोंड उघडलं, त्याने हाताने तिला थांबवलं.

"तोंड न्हाई दिसलं," तो म्हणाला. "कान दिसला. अन् खांदा."

"म्हंजी?"

"म्हंजी तोंड बाभळीकडं होतं तुमचं."

खुंटीला बांधलेला मेंढा मान वळवून पट्टी खुराने काढायचा प्रयत्न करत होता. बायको उठली आणि त्याची मान धरून बसली.

"मग गुरुवारी तसं कावून बोललात, आबा?" मालकाने विचारलं. आवाजात राग उरला नव्हता. "दगड चुकून आला. बोलणं तर चुकून आलं नव्हतं ना?"

वडिलांनी जमिनीवरच्या वर्तुळाकडे पाहिलं. बहिणीनेही पाहिलं. शनिवारच्या दगडाबद्दल त्या वर्तुळातून जेवढं निघायचं तेवढं निघालं होतं. गुरुवारच्या वाक्याबद्दल त्यात काही नव्हतं.

"ज्वारी खाताना बघितली अन् तोंडातून गेलं," वडील म्हणाले. "म्हणायला नव्हतं पायजे."

"नव्हतंच म्हणायला पायजे. तुमी म्हणलं नसतं तर मी बी काल तुमाला आधी इचारलं असतं, का आबा, गोफण निसटली का?"

"व्हय."

वडिलांनी गोफण बरोबर आणली होती. ती त्यांनी त्याच्या हातात दिली. त्याने सुटता पदर बोटावरून ओढून पाहिला, वितळवलेली गाठ नखाने चाचपली, कमरेचा विळा काढला आणि गाठीच्या अलीकडे पदर कापला. कापलेलं टोक ओढ्यात टाकलं.

"नायलॉन हाय. निसटंल," वडील म्हणाले.

"निसटलं तर लवकर निसटंल. लवकर निसटलं तर कुठं जातंय, ताई?"

बहिणीने हवेत बोट फिरवून पाहिलं. "उजवीकडं. तिकडं ओढा हाय."

"मग निसटू द्या."

सोमवारी मात्र कळप घाटनांदूरकडे गेला. तिकडच्या शेतकऱ्याला शब्द दिलेला होता आणि तो मोडायला मालक तयार नव्हता. वडिलांनीही आग्रह केला नाही. सकाळी निघताना तो आमच्या घरावरून गेला, दारात थांबला नाही, पण रस्त्यावरून "आबा, येतो" असं म्हणाला. वडील तेव्हा तोंड धूत होते. ते तसेच ओल्या तोंडाने बाहेर आले.

त्या हंगामात वडिलांनी गोफण पुन्हा फिरवली नाही. ज्वारीवर चमकणाऱ्या पट्ट्या बांधल्या. पाखरांनी पूर्वेकडच्या बऱ्याच ओळी खाल्ल्या. तुरीचं रान खताशिवाय राहिलं. गावात गोष्ट दोन प्रकारे सांगितली जात होती. वडिलांनी बोलल्याप्रमाणे मेंढ्याचा डोळा फोडला, असा एक प्रकार. त्यांच्या मास्तरीण लेकीने मोबाइलवर काहीतरी करून त्यांना सोडवलं, असा दुसरा. गाठीची गोष्ट फारशी कुणी सांगितली नाही. दोन-तीन जणांनी आपल्या गोफणीची गाठ कापली, हे मी पाहिलं. इतरांनी कापली की नाही, माहीत नाही.

फाल्गुनात ज्वारी निघाली. कणसं खळ्यावर आली त्या आठवड्यात मालकाचा वडिलांना फोन आला. बोलणं थोडकंच झालं. रान मोकळं झालं का, असं त्याने विचारलं. वडिलांनी झालं म्हणून सांगितलं. मेंढा कसा आहे, असं वडिलांनी विचारलं. एका डोळ्याने चरतो, असं त्याने सांगितलं.

त्यानंतरच्या बुधवारी कळप आला आणि ज्वारीच्या रानात बसला. मेंढा कळपात होता.